कृष्णाकाठच्या जलपर्णीवरचा परका सोंड्या

मागच्या फेब्रुवारीत कल्लोळ-येडूर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तुंबलेल्या जलपर्णीच्या पानांवर मला फिकट डाग दिसले, आणि ते इतके एकसारखे होते की हे रोगाचे काम नव्हे, कोणीतरी पान खाल्लेले आहे, हे काठावरूनच लक्षात आले. एक पान खुडून जवळून पाहिले. प्रत्येक डाग दोन ते तीन मिलिमीटर रुंदीचा, काहीसा चौकोनी, क्वचित गोलसर. पानाचा वरचा हिरवा पापुद्रा खरवडून काढलेला, पण खालचा शाबूत, त्यामुळे पान उन्हात धरले की तेवढ्या जागेतून उजेड आरपार येई. ताजे डाग पांढुरके होते, जुने तपकिरी, आणि जून पानांवर ते एकमेकांना भिडून सबंध पान करपल्यागत झालेले होते. मी चिकोडी तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. कीटकांचा नाद मला पूर्वीपासून आहे आणि त्यातही सोंड्या किड्यांविषयी, म्हणजे तोंडापुढे सोंड असलेल्या भुंगेऱ्यांविषयी, विशेष ओढ आहे, म्हणून या डागांचा छडा लावल्याशिवाय राहणे मला शक्य नव्हते. हा शोध ज्या क्रमाने झाला तो क्रम इथे लिहून ठेवते आहे, कारण आपल्या भागात एखाद्या परक्या किड्याची ओळख पटवू पाहणाऱ्याला तो उपयोगी पडावा असे मला मनापासून वाटते.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेची वनस्पती म्हणून बंगालमध्ये आली आणि तिथून देशभर पसरली. आपल्याकडे ती कुठून येते हे नदीकाठच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पंचगंगेच्या संथ पात्रात ती वाढते, नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळाली की कृष्णेत उतरते, राजापूरचा बंधारा ओलांडून कर्नाटकात शिरते आणि खालच्या बंधाऱ्यांच्या फुगवट्यात येऊन अडते. पावसाळ्यात पूर तिला वाहून नेतो. पाणी ओसरून बंधारे अडवले गेले की उरलेल्या रोपांपासून पुन्हा हिरवा थर तयार होतो. उसाला पाणी देणाऱ्या मोटारींचे फूटव्हॉल्व्ह तिच्या मुळांनी तुंबतात, मासेमारीची जाळी तिच्यात अडकून फाटतात आणि थराखालच्या पाण्याला कुबट वास सुटतो. ज्या वनस्पतीचा सर्वांना असा तिटकारा, तिची पाने निरखून पाहायला कोण जाईल? डाग कदाचित कित्येक वर्षांपासून तिथे असतील आणि कोणी पाहिलेच नसतील, ही शक्यता मी सुरुवातीपासून मनात धरून होते.

पहिले काम होते ते इतर कारणे बाजूला सारण्याचे. जलपर्णीची पाने आपल्याकडचा एक नाकतोडा खातो. पण तो पान कडेने कुरतडतो किंवा आरपार भोक पाडतो, एक पापुद्रा तसाच ठेवून वरवरचे खरवडण्याची त्याची रीत नाही. बुरशीच्या ठिपक्यांना कडेने पिवळसर वलय असते आणि ते पानाच्या शिरांना न जुमानता पसरतात. तिसरी शक्यता होती ती ऑर्थोगॅल्युम्ना नावाच्या अतिसूक्ष्म कोळ्याची. हाही अमेरिका खंडातलाच, आणि जलपर्णीच्या बंदोबस्तासाठीच १९८६ च्या सुमारास भारतात सोडलेला. त्याची पिल्ले पानाच्या आत दोन समांतर शिरांच्या मधून पोखरत जातात, त्यामुळे पानावर सरळ, बारीक, लांबट रेघा उमटतात. माझ्या पानांवर अशा रेघा नव्हत्या. उरला तो सोंडेच्या टोकाला असलेल्या लहान जबड्यांनी पापुद्रा खरवडणारा किडा. म्हणजे डागांवरून अंदाज आला होता. पण नुसत्या डागांवर नाव ठेवता येत नाही, किडा हातात यायला हवा होता.

दिवसा तो सापडत नाही. हे सोंडे रात्री चरतात आणि दिवसभर रोपाच्या गाभ्यात, न उलगडलेल्या कोवळ्या पानाच्या गुंडाळीत किंवा देठांच्या बेचक्यात दडून बसतात. म्हणून आम्ही संध्याकाळी गेलो. नदीकाठी राहणाऱ्या एका आण्णांनी आपली काहील काढली. गूळ रांधायची ही मोठी लोखंडी काहील पुरात माणसे काढायला आमच्या भागात नेहमीच वापरतात, आणि जलपर्णीच्या थरात नाव अडकते तिथे ती ढकलत नेता येते. दहावीतला एक मुलगा बॅटरी धरून होता. अंधार पडल्यावर थोड्याच वेळात पानांच्या वरच्या बाजूला करड्या-तपकिरी रंगाचे, ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके हलताना दिसू लागले. बोट जवळ नेले की तो ठिपका पाय आखडून घेई आणि मेल्यासारखा खाली घरंगळे. त्यामुळे पान हलवण्याआधी त्याच्याखाली पांढरी ताटली धरावी लागते, नाहीतर किडा मुळांच्या झुपक्यात नाहीसा होतो. दिवसा नमुने हवे असतील तर दुसरी युक्ती आहे: सबंध रोप उपटून पाण्याने भरलेल्या बादलीत गाभ्यापर्यंत दाबून धरायचे. श्वास कोंडला की दडलेले सोंडे हळूहळू वर येतात आणि बादलीच्या कडेने चढू लागतात.

ताटलीत पडलेला पहिला सोंड्या मी बॅटरीच्या उजेडात बराच वेळ पाहत राहिले. लांबी साधारण पाच मिलिमीटर, अंगावर दाट खवले, पुढे किंचित खाली वाकलेली सोंड आणि तिच्यावर कोपरात दुमडावी तशी दुमडलेली, टोकाला गाठ असलेली स्पर्शिका. सोंड आणि दुमडलेली गाठदार स्पर्शिका एकत्र दिसली की किडा सोंड्यांच्या कुळातला आहे असे बहुधा म्हणता येते. कडधान्यात होणारे भुंगेरे दिसायला तसेच बुटके असतात, पण त्यांना अशी सोंड नसते. तांदळातल्या सोंड्याला ती असते, आणि म्हणूनच तो मुलांना दाखवून हे लक्षण शिकवणे सोपे जाते.

आण्णांना मात्र कुळाशी कर्तव्य नव्हते. त्यांनी ताटलीत वाकून पाहिले आणि विचारले, “बाई, ह्यो किडा जलपर्णी संपवून आमच्या उसावर चढला, तर आमी काय करायचं?” प्रश्न अगदी रास्त होता. हुमणीने आणि खोडकिड्याने ज्याचा ऊस एकदा बसवला आहे, त्याने नदीतून वर येणाऱ्या कोणत्याही नव्या किड्याकडे संशयानेच पाहावे. चार दिवसांत ही बातमी गावात फिरली आणि काठच्या काही शेतकऱ्यांनी बांधावरून फवारा मारायची तयारी केली. नदीच्या पाण्यावर कीटकनाशक पडणार, तेही किडा कोणता हे न कळताच, या विचाराने मी अस्वस्थ झाले. आण्णांना मी एवढेच म्हणाले, “आण्णा, नाव कळेपर्यंत थांबा. नाव कळलं की तो काय खातो ते कळेल.” त्यांनी ते मानले आणि इतरांनाही थांबवले. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

नावासाठी मी इतका आग्रह धरला त्यामागे एक जुनी हकिकत आहे. जलपर्णीसारखीच पाणी झाकून टाकणारी साल्व्हिनिया नावाची एक तरंगती नेचावर्गीय वनस्पती आहे. केरळच्या कालव्यांत आणि भातखाचरांत तिने उच्छाद मांडला होता. ती कोणत्या जातीची, हेच जगभर दीर्घकाळ चुकीचे समजले गेले. तिला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा मानून त्या वनस्पतीवरचा सोंड्या आफ्रिकेत नेऊन सोडला गेला, आणि त्याने जवळजवळ काहीच साधले नाही. ही वनस्पती वेगळी आहे हे १९७२ मध्ये स्पष्ट झाले आणि तिला साल्व्हिनिया मोलेस्टा हे नाव मिळाले. तिचे मूळ घर आग्नेय ब्राझीलमध्ये आहे हे १९७८ मध्ये सापडले. तिथून आणलेला सोंड्या १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा सरोवरात सोडला, तेव्हा वर्ष-सव्वा वर्षात हजारो टन साल्व्हिनिया नाहीशी झाली. गंमत अशी की हा सोंड्याही आधी जुन्याच जातीचा समजला गेला होता. तो स्वतंत्र जातीचा असल्याचे १९८५ मध्ये वर्णन झाले आणि त्याला सिर्टोबॅगस साल्व्हिनी हे नाव मिळाले. हाच सोंड्या पुढे केरळात यशस्वी ठरला. दिसायला जवळजवळ सारखे असलेले दोन किडे, आणि एकाने काही होत नाही, दुसऱ्याने तळे मोकळे होते. ही हकिकत माहीत असलेल्या माणसाला ‘असाच काहीतरी सोंड्या आहे’ यावर थांबणे जमत नाही.

मोबाइलवर ओळख सांगणाऱ्या ॲपने मला कुळापर्यंत नेले आणि तिथेच सोडले, आणि ते योग्यच होते, कारण माझ्या छायाचित्रांत ज्या खुणा दिसायला हव्यात त्या दिसत नव्हत्या. मोबाइलला लावायचे भिंग मिळते, त्याने किड्याचा डौल छान येतो. पण अंगाला चिखल लागलेला असेल किंवा किडा ओला असेल तर पाठीवरची नक्षी काळी पडते. म्हणून नमुन्यांचे दोन भाग केले. काही थेट सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले, कारण आतल्या अवयवांची तपासणी करायची तर तेच उपयोगी. बाकीचे मऊ कुंचल्याने साफ करून, सावलीत वाळवून, जाड कागदाच्या टोकदार तुकड्यावर बाजूने चिकटवले आणि तो कागद टाचणीत ओवला. इतक्या लहान सोंड्याच्या अंगातून टाचणी घालायची नसते. पाठ आणि पोट दोन्ही मोकळे राहिले पाहिजेत.

वाळलेले नमुने शाळेच्या विच्छेदन-सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर सगळे चित्र पालटले. पाठीवरच्या दोन टणक आवरणपंखांवर, मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना, एकेक चकचकीत काळी उंच रेघ होती. भोवतालचे खवल्यांचे अंग निस्तेज आणि मधोमध ती गुळगुळीत जोडी, त्यामुळे एकदा दिसली की पुन्हा नजरेतून सुटत नाही. जलपर्णीवर वाढणाऱ्या नियोचेटिना गणाची ही खूण आहे. या गणातल्या दोन जाती जगभर जलपर्णीच्या नियंत्रणासाठी वापरल्या गेल्या आहेत: नियोचेटिना आयकॉर्नी आणि नियोचेटिना ब्रुकी. पहिलीत त्या रेघा लांब असतात आणि पंखाच्या मध्यापेक्षा पुढे, मानेच्या बाजूला असतात; दुसरीत त्या आखूड असतात आणि मध्याजवळ, म्हणजे तुलनेने मागे सरकलेल्या असतात. पहिलीचे अंग करडे-तपकिरी आणि ठिपक्याठिपक्यांचे असते; दुसरीच्या पाठीवर बऱ्याचदा फिकट रंगाचा, मधोमध कोन झालेला आडवा पट्टा दिसतो. हा पट्टा मात्र विश्वासाचा नाही. खवले झिजले की तो पुसट होतो, आणि म्हाताऱ्या किड्यावर तर उरतच नाही. काळ्या रेघांची लांबी आणि जागा खवल्यांवर अवलंबून नसते, म्हणून निर्णय त्यांच्यावरच करावा.

मी नमुने दोन ओळींत मांडले. मोठी ओळ मागे सरकलेल्या आखूड रेघांची झाली, धाकटी ओळ पुढच्या लांब रेघांची. म्हणजे एकाच ठिकाणी, एकाच संध्याकाळी, दोन्ही जाती! त्या रात्री मला झोप लागली नाही. या दोन जाती वेगळ्या ओळखण्याची गरज किती नवी आहे, हे त्यांच्या वर्णनांच्या सालांवरून कळते: ब्रुकीचे वर्णन १९२६ चे, आणि आयकॉर्नीचे त्यानंतर तब्बल ४४ वर्षांनी, १९७० चे.

हे किडे परके आहेत हे आता निश्चित होते, पण ते चोरून आलेले नाहीत. मूळचे दक्षिण अमेरिकेतले हे सोंडे अर्जेंटिनातून अमेरिकेत नेले गेले. फ्लोरिडात आयकॉर्नी १९७२ मध्ये आणि ब्रुकी १९७४ मध्ये सोडली गेली. भारतात दोन्ही १९८२ मध्ये फ्लोरिडाहून बेंगळुरूला आणल्या गेल्या. विलगीकरणात ठेवून, पिकांसह अनेक वनस्पतींवर त्या जगतात का हे तपासून, मग १९८३-८४ पासून त्या बेंगळुरूच्या आसपासच्या तळ्यांत सोडल्या गेल्या, आणि पुढे इतर राज्यांतही गेल्या. याच काळात गाजर गवतासाठी मेक्सिकोहून आणलेले भुंगेरे आपल्या शेतकऱ्यांना आज चांगले माहीत आहेत; बांधावर गाजर गवत खाणारे ते पट्टेदार भुंगेरे मुलेसुद्धा ओळखतात. जलपर्णीचे सोंडे रात्री चरतात, पाण्यावर राहतात आणि रंगाने चिखलासारखे असतात, म्हणून त्यांची तशी ओळख झाली नाही. देवाणघेवाण एकतर्फीही नाही. पाण्यातल्या हायड्रिला या वनस्पतीच्या गड्ड्या खाणारा बॅगस ॲफिनिस हा आपल्या उपखंडातला सोंड्या १९८७ मध्ये फ्लोरिडात नेऊन सोडला गेला. बॅगस गणातले देशी सोंडे आपल्या तळ्यांतही असतात, त्यामुळे ‘पाणवनस्पतीवरचा करडा सोंड्या’ एवढ्यावरून परका ठरवणे धोक्याचे असते.

प्रौढ किडा सापडणे आणि किडा इथे वसलेला असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कृष्णेसारख्या नदीत तर हा फरक फार महत्त्वाचा, कारण वरून वाहत आलेल्या रोपांवर बसून प्रौढ सोंडे कुठवरही येऊ शकतात. ते इथे वंश वाढवतात का, हे पाहण्यासाठी रोपे चिरावी लागतात. मी आणि तो मुलगा काठावर पोते अंथरून बसलो आणि दाढीच्या पात्याने एकेक देठ उभा चिरत गेलो. जलपर्णीचा देठ आतून हवेच्या पोकळ्यांनी भरलेला, पांढराशुभ्र असतो. त्यातून वरून खाली उतरत गेलेला तपकिरी बोगदा पहिल्याच काही देठांत दिसला. बोगद्यात भुशासारखी विष्ठा होती आणि तळाशी, रोपाच्या गाभ्याजवळ, पांढरी, जाडसर, पाय नसलेली, पिवळसर-तपकिरी डोक्याची अळी होती. मादी देठाच्या आणि पानाच्या पेशींत अंडी घालते, अळी बाहेर येऊन पोखरत खाली सरकते आणि वाढीचा कोंब मारते. जलपर्णीला खरी इजा या अळीचीच होते. पानावरचे डाग हे तिच्या आईवडिलांचे जेवण. पोखरलेल्या देठात पाणी आणि बुरशी शिरते, देठ कुजतो, रोप हळूहळू जड होऊन खाली बसते.

कोष शोधणे अधिक कठीण गेले. पूर्ण वाढलेली अळी रोपातून बाहेर पडते आणि पाण्याखालच्या मुळांवर, बारीक उपमुळे कातरून, त्यांचा गोळा स्वतःभोवती गुंडाळून कोषात जाते. जलपर्णीची मुळे म्हणजे गाळाने माखलेला काळा झुपका. पसरट भांड्यात स्वच्छ पाणी घेऊन, मुळे त्यात पसरून, बोटांनी चाचपत गेल्यावर तो लहानसा टणक गोळा हाताला लागतो. मुलाने तो शोधून काढला आणि अतिशय जपून उघडला. आत पांढरा कोष होता, सोंड छातीवर दुमडून घेतलेला, डोळ्यांच्या जागी नुकतीच काळी छटा आलेली. अंडी मी पाहिली नाहीत. पण अळी, कोष आणि प्रौढ तिन्ही एकाच पुंजक्यात मिळाल्यावर हा किडा इथे केवळ वाहत आलेला पाहुणा नाही, हे सिद्ध झाले.

तरीही माझ्या ओळखीवर तज्ज्ञाची मोहोर हवी होती. बेंगळुरूला कीटकांच्या वर्गीकरणाचे काम करणाऱ्या एका अभ्यासकांना मी आधी छायाचित्रे पाठवली आणि मग त्यांच्या सांगण्यावरून नमुने पाठवले. त्यांनी पहिल्या पत्रात विचारलेले प्रश्न मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवले आहेत: नेमके ठिकाण, तालुका व जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, कोणत्या वनस्पतीच्या कोणत्या भागावर, कोणी गोळा केला, आसपास जलपर्णीच्या कुळातली दुसरी वनस्पती आहे का, आणि असल्यास तिच्यावर डाग आहेत का. शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. आपल्याकडे ओघळींत आणि भातखाचरांत मोनोकोरिया नावाची निळ्या फुलांची वनस्पती उगवते, ती जलपर्णीच्याच कुळातली. परका किडा देशी नातलगाकडे वळतो का, हे पाहण्याची हीच जागा. काठच्या ओघळीतली मोनोकोरियाची रोपे आम्ही पान न् पान तपासली. त्यांवर डाग नव्हते आणि चिरलेल्या देठांत बोगदेही नव्हते. ‘सापडले नाही’ हेही तारखेसह लिहून पाठवले.

नमुन्यासोबतच्या चिठ्ठीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण आपल्या शाळा-कॉलेजांच्या संग्रहांत सर्वांत मोठी उणीव तीच असते. किडा कितीही सुंदर चिकटवलेला असो, त्याच्याखालच्या चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख नसेल तर तो वर्गीकरणाच्या दृष्टीने निकामी. चिठ्ठी नमुन्याच्या टाचणीलाच ओवलेली हवी, वहीत वेगळी लिहिलेली चालत नाही. कुपीतली चिठ्ठी अल्कोहोलमध्ये न पुसणाऱ्या शिसपेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाकायची. टपालाने पाठवताना कुपीचे बूच पक्के लावून, कापसात गुंडाळून, कडक डब्यात घालायची. सोंडे लहान असतात, पण पाय आणि स्पर्शिका मोडायला एवढासा धक्का पुरतो.

उत्तर आले तेव्हा शाळेची परीक्षा सुरू होती. दोन्ही जातींची ओळख त्यांनी कायम केली होती. ब्रुकीच्या नरांची आतल्या अवयवांवरूनही तपासणी केली होती, आणि काही नमुने आपल्या संग्रहात ठेवून घेण्याची परवानगी मागितली होती. मी ते पत्र आधी आण्णांना वाचून दाखवले. उसाला, भाताला, केळीला या किड्यापासून धोका नाही, जलपर्णीच्या कुळाबाहेर त्याची पिढी पुढे जात नाही, हे ऐकल्यावर त्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला: “मग एवढी जलपर्णी अजून कशी काय हाय?”

या प्रश्नाचे उत्तर देणे नावापेक्षा अवघड आहे, आणि मला ते जेवढे समजले तेवढेच सांगते. या सोंड्यांनी युगांडाच्या बाजूने व्हिक्टोरिया सरोवरात १९९० च्या दशकात मोठा फरक पाडला, पण सरोवराचे आणि आपल्या नदीचे गणित वेगळे आहे. आपल्याकडे दरवर्षी पूर येतो आणि रोपांबरोबर त्यांच्यातल्या अळ्या व कोषही वाहून जातात. पावसाळ्यानंतर रोपे झपाट्याने वाढतात, सोंड्यांची संख्या मात्र सावकाश सावरते. सांडपाणी आणि खतांच्या निचऱ्यामुळे पाण्यात नत्र व स्फुरद भरपूर असते, त्यामुळे एक पान खाल्ले जाईपर्यंत दोन नवी येतात. आणि यंत्राने जलपर्णी काढून काठावर टाकली की त्या ढिगाबरोबर तिचा शत्रूही वाळून मरतो. यावर उपाय म्हणून सगळी जलपर्णी न काढता थोडा पट्टा राखावा का, याबद्दल ग्रामपंचायतीच्या पीडीओंशी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांशी, माझे बोलणे झाले. त्यांनी ऐकून घेतले, पण पिण्याच्या पाण्याच्या उपशाजवळ तसे करणे त्यांना शक्य नाही, आणि ते बरोबरच आहे. उपशापासून दूर, खालच्या अंगाच्या वळणावर करता येईल.

काही मुलांनी बाटल्यांत सोंडे भरून आपापल्या गावच्या तळ्यांत सोडायची इच्छा दाखवली. त्यांचा उत्साह मला प्रिय आहे, तरी मी तूर्त नको म्हटले. किडा आपल्या पायांनी आणि पंखांनी कुठवर पोहोचला आहे हे आधी नोंदवायचे असेल, तर आपणच तो इकडेतिकडे नेला की तो माग कायमचा पुसला जाईल. या सोंड्यांना उडता येते, पण नेहमी नाही. त्यांचे उडण्याचे स्नायू काही काळ वाढतात आणि अंडी घालण्याच्या काळात झिजतात. म्हणून त्यांचा प्रसार वाहत्या रोपांवरून किती आणि उडून किती, हे नकाशावरच ताडून पाहावे लागते.

नकाशा आता थोडा भरला आहे. मलिकवाड-दत्तवाड बंधाऱ्याजवळ दूधगंगेत डाग, अळ्या आणि दोन्ही जातींचे प्रौढ मिळाले. दूधगंगा कल्लोळजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णेतली रोपे प्रवाहाविरुद्ध वर चढत नाहीत, म्हणजे दूधगंगेतले सोंडे एकतर तिच्याच वरच्या भागातून आले किंवा उडून आले. संकेश्वरला हिरण्यकेशीच्या पात्रात डाग विरळ होते आणि तिथे सापडलेले सगळे प्रौढ आखूड रेघांचे, म्हणजे ब्रुकीचे होते. एका देठात अळीही मिळाली. हिरण्यकेशी घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला पुष्कळ खाली जाऊन मिळते, त्यामुळे संकेश्वरच्या किड्याचा कृष्णेच्या पाण्याशी संबंध लावता येत नाही. तो पाणलोट ओलांडून उडत आला, की कोणाच्या तरी मासळीच्या टोपलीतून, जाळ्याला चिकटलेल्या रोपावरून आला, हे मी तिथल्या मासेमारांना विचारते आहे. त्यांच्यापैकी काहीजण एकच जाळे दोन्ही नद्यांत वापरतात असे कळले आहे.

बेळगावजवळ मार्कंडेय नदीच्या एका डोहात मात्र जलपर्णी भरपूर, आणि पानांवर एकही डाग नाही. कोवळी पाने, जून पाने, गाभा, देठ, मुळे, सगळे पाहून झाले. त्या डोहाची नोंद तारखेसह, छायाचित्रांसह आणि ‘सोंड्या नाही’ असे स्पष्ट लिहून ठेवली आहे, कारण उद्या तिथे पहिला चौकोनी डाग दिसलाच, तर किडा केव्हा आला हे सांगणारा पुरावा म्हणून हीच नोंद उपयोगी पडणार आहे. डोहाजवळच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना डाग पडलेले एक वाळवलेले पान, मिलिमीटरची पट्टी आणि एक भिंग देऊन आले आहे. दर महिन्याला ठरलेल्या जागेवरची ठरावीक पाने मुलांकडून तपासून घेण्याचे त्यांनी कबूल केले आहे.